तीन गाठींची सुतळी

सहा आठवड्यांपूर्वी, चैत्रातल्या एका सकाळी, धापूबाईच्या उंबऱ्यावरून पाणी वाहत बाहेर आलं. मी समोरच्या ओट्यावर दाढी करत बसलो होतो. पाणी तिच्या पायरीवरून उतरलं, फरशीच्या भेगेतून वाट काढत गटाराला मिळालं, आणि मी हातातला वस्तरा खाली ठेवला. मला कोणी काही सांगायला आलं नव्हतं. पण चौदा वर्षांत त्या दारातून पाण्याचा एक ओघळ बाहेर आलेला मी पाहिला नव्हता. आत चुलीवर दूध होतं, बायको तिथं उभी होती. मी म्हणालो, "धापूबाई गेली." ती चिडली. "सकाय सकाय काय बोली राहिनात तुम्ही?" मी नुसतं बोट दाखवलं. तिनं दाराकडे पाहिलं, पाणी पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

गेलो तर खरंच गेली होती. झोपेतच. नवरा आधीच वारलेला, मुलगी वापीला दिलेली, ती अजून पोचायची होती. चाळीतल्या बायका अंघोळ घालत होत्या. नळ कोरडे होते म्हणून टँकरचं पाणी आणलं होतं. एक बादली, दोन, तीन, चार... मी दारात उभा राहून मोजत होतो आणि माझं डोकं तापत होतं. जिनं आयुष्यभर एका मोठ्या तांब्यात अंघोळ उरकली तिला मेल्यावर चार बादल्या! जिवंतपणी जिच्या हातचं पाणी तुम्ही घेतलं नाही, तिच्यावर आता धो धो ओतताय? मी तसं ओरडलोही. "पुरे करा," म्हणालो. एक जण म्हणाली, "आप्पा, आज तरी नीट बोला." मी काय वाईट बोललो होतो? पुरे करा, एवढंच. धापू या नावाचा अर्थही तिच्या मुलखात तोच आहे म्हणे, पुरे. मुलीवर मुली झाल्या की नाव ठेवतात. हे तिनंच मला सांगितलं होतं, हसत.

तेवढ्यावर मी गप्प राहिलो असतो. पण बाराव्याला सगळे जमले, मुलगी जावई समोर बसलेले, आणि कोणीतरी ती सरबताची गोष्ट काढली. मयताच्या घरी बसून हसायला लागले लोक. "काय बाई होती! साबणाचं सरबत पाजलं सगळ्यांना!" मुलगी खाली बघत होती. मी उठलो आणि घरी आलो. त्या दिवसापासून जेवण गोड लागत नाही. ती गोष्ट खोटी आहे. खरी काय, ते दोघांनाच माहीत होतं. त्यातली एक गेली. राहिलो मी.

मी चौथीपर्यंत शिकलो. धंदा नळाचा. सिल्वासात, टोकरखाड्यापासून खेरडीपर्यंत, जुन्या घरांत माझ्या हातचे पाइप अजून आहेत, जाऊन बघा. हे लिहिलेलं शाळेतल्या एका बाईंनी काना-मात्रेपुरतं पाहून दिलं. दोन-तीन वाक्यं त्या मऊ करायला निघाल्या होत्या. मी करू दिली नाहीत.

धापूबाई जैसलमेरची. नवरा राखोलीच्या एका कारखान्यात वॉचमन. चौऱ्याऐंशीच्या आसपास ती दोघं मुलीला घेऊन आमच्या चाळीत आली. तेव्हा शेठने, म्हणजे चाळीच्या मालकाने, खोल्याखोल्यांत नळ देण्याचं काम मला दिलं होतं. त्याआधी सगळ्या चाळीला आवारात एकच नळ. माझी मान किती ताठ होती म्हणून सांगू! धुळ्याकडून फाटकी पिशवी घेऊन आलेला माणूस, आणि आज ज्याच्या त्याच्या मोरीत मी पाणी आणून देतोय. बायका चहा पाजत होत्या, पोरं नळ सोडून नाचत होती. आणि ही घुंगट ओढून दारात उभी. "मिस्तरी, मला नको."

"काय नको?"

"नळ. घरात नळ आला की हात ऐकत नाही."

मला वाटलं थट्टा करते. मग कळलं, नाही. मी म्हणालो, "बाई, हे तुमचं वाळवंट नाही. इथे चार महिने आभाळ फाटतं. दमणगंगा वाहते."

"वाहते, म्हणून तुम्हाला दिसत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे पाणी कुलपात असतं. दागिने कोनाड्यात उघडे, आणि अंगणातल्या टाक्याला कुलूप. किल्ली आईच्या कमरेला." टाकं म्हणजे जमिनीखालची टाकी, छतावरचं पावसाचं पाणी तिच्यात साठवायचं. सबंध वर्ष तेवढ्यावर काढायचं. तिची आई म्हणायची, घी ढुळ्यां म्हारो काईं नी जाय, पाणी ढुळ्यां जीव बळे. तूप सांडलं तर माझं काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो. मी हसलो आणि नळ बसवून टाकला. शेठचं काम होतं, तिला कोण विचारतो? तिनं काय केलं असेल? नळाच्या तोंडाला चिंधी बांधली आणि वर गाठ मारली. माझ्या नळाला! मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. त्या दिवसापासून आमचं वैर... वैर म्हणजे माझ्याकडून. तिच्या मनात काही नव्हतं.

तिच्या घरात पाणी कसं चालायचं ते आधी बायकोनं पाहिलं, मग मला सांगितलं. मोरीत एक बुटकी बाज, सुंभाची, उघडी. तिच्यावर बसून अंघोळ करायची. बाजेखाली पसरट परात. अंगावरून उतरलेलं पाणी परातीत. त्या पाण्यात कपडे. कपड्यांचं पाणी मागच्या ओट्यावरच्या पिंपात ओतायचं, तुरटीचा खडा फिरवायचा, गाळ खाली बसला की वरचं पाणी फरशी पुसायला आणि संडासाला. भांडी राखेनं कोरडी घासायची, फडक्यानं पुसायची आणि शेवटी एकदाच हात ओला करून फिरवायचा. भाजी धुतलेलं पाणी लिंबाच्या झाडाला. प्यायचं पाणी ओगराळ्यानं काढायचं, माठात हात घालायचा नाही. आणि चुकू नये म्हणून प्रत्येक भांड्याला सुतळी. प्यायच्या माठाला एक गाठ. अंघोळीच्या, स्वयंपाकाच्या हंड्याला दोन. मागच्या पिंपाला तीन. तिची मुलगी चार वर्षांची होती तेव्हापासून गाठी चाचपून सांगायची, हे कोणतं पाणी. पावसाळ्यात तर ही पागोळीखाली भांडी मांडायची. पहिले दोन दिवस सोडून द्यायची, कौलं धुतली जाऊ देत म्हणायची, मग फडकं बांधून भरायची. बाहेर गुडघाभर पाणी आणि ही पागोळीखाली हंडे लावतेय. चाळ हसून हसून लोळायची. सगळ्यांत मोठ्यानं मी हसायचो.

मग एका उन्हाळ्यात शेठची बोअर आटली. नळ फुसफुसले आणि गप्प झाले. माझेच नळ. लोक माझ्याकडे बघत होते, जणू पाणी मी प्यालो. टँकर एक दिवसाआड. माझ्या घरी चार माणसं आणि आठ हंडे पुरत नव्हते. धापूबाईचं तीन माणसांचं घर दोन हंड्यांत चालत होतं, वर ती शेजारच्या बाळंतिणीला अर्धा हंडा देत होती. कोणाला बोलली नाही. पण बायका बघतात. एका दुपारी मी अवेळी घरी आलो तर मोरीत पाट मांडलेला, पाटाखाली आमची पिठाची परात, आणि बायको त्या पाण्यात माझे शर्ट बुडवतेय.

माझा पारा चढला. "मिस्तरीच्या घरात उष्ट्या पाण्यात कपडे? त्या बाईनं शिकवलं ना?"

"हो, तिनीच शिकाडं," बायको म्हणाली. माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. "पाणी काय तुमना नळमा शे का? शे तर सोडा. नही तर चूप बसा."

नळात काय होतं सोडायला? त्या उन्हाळ्यात बाजा, पाट, परातींची पद्धत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली. कोणी कबूल करत नव्हतं, पण टँकरवरची भांडणं कमी झाली आणि संध्याकाळी हंडे शिल्लक राहायला लागले. वाळवंटातल्या शहरानं जे पिढ्यान्‌पिढ्या घराघरात पाळलं ते एका बाईनं आमच्या चाळीला महिनाभरात शिकवलं, एक शब्द न बोलता. सरकारी माणसं येऊन भिंतीवर घोषणा रंगवून गेली, पाणी वाचवा. त्यांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. रंगाचे ब्रश धुवायला मात्र दोन बादल्या पाणी मागून घेतलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता ते सरबत.

त्या उन्हाळ्यानंतर शेठने खोल बोअर मारली आणि गच्चीवर मोठी टाकी घ्यायचं ठरवलं. काम माझं. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ही टाकी बांधली की सिल्वासात आमच्या चाळीसारखी चाळ नाही. एक थेंब गळला तर मिशी काढीन म्हणालो. आदल्या दिवशी टाकी काठोकाठ भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यनारायण, शेठ येणार, त्याच्याबरोबर कचेरीतले कोणी साहेब येणार, आणि सगळ्यांना लिंबाचं सरबत, नव्या टाकीच्या पाण्याचं. ही कल्पनाही माझीच.

सकाळी वर गेलो तर टाकी रिकामी. खालच्या सॉकेटला, म्हणजे टाकी आणि पाइपाच्या सांध्याला, सूत कमी गुंडाळलं होतं मी. वरून सफेदा, सांधा बुजवायचा पांढरा लेप, लावला होता, पण सूत कमी. शिकाऊ माणूस करील अशी चूक. रात्रभरात सगळं पाणी मागच्या भिंतीवरून उतरून गेलं होतं. बोअर चालू करायला गेलो तर लाइट गेलेली. खाली पोथी सुरू झालेली. साहेब खुर्चीवर बसलेले, साखर आणि लिंबाचा रस पातेल्यात तयार, सगळे वाट बघतायत आणि शेठ मला खूण करतोय, पाणी आण.

मी मागच्या बाजूला गेलो. तिथं सगळ्यांची पिंपं होती, पण सगळी तळाला लागलेली. आज टाकी भरलेली म्हणून कोणी भरलंच नव्हतं. एकच पिंप काठापर्यंत भरलेलं. धापूबाईचं. झाकणावरून सुतळी आवळलेली आणि सुतळीला तीन गाठी.

मी त्या पाहिल्या. हे मला लिहायचं आहे, म्हणूनच सगळं लिहायला बसलो. अंधार नव्हता, घाई होती हे खरं, पण मी गाठी पाहिल्या. एक, दोन, तीन. आणि मनात म्हणालो, काय त्या बाईची नाटकं, पाणी ते पाणी. तुरटीनं वरचं पाणी काचेसारखं नितळ दिसत होतं. मी सुतळी सोडली, सवयीनं पिशवीत पान्ह्याशेजारी टाकली, दोन हंडे भरले आणि पुढे नेऊन पातेल्यात ओतले.

साहेबांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. शेठने घेतला आणि थुंकला. बायका ओकायला लागल्या. साबणाची चव लिंबाखाली लपत नाही. शेठ ओरडला, "पाणी कुठलं आहे हे? मिस्तरी!"

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? टाकी गळली, माझी चूक. चार शब्द. पण साहेब बघत होते, सगळी चाळ बघत होती, आणि मी म्हणालो, "धापूबाईनं दिलं. प्यायचं आहे म्हणाली."

ती पूजेच्या कडेला बसली होती. नैवेद्याचं ताट हातात. तिनं घुंगटातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, तेही खोटंच. ती बोलली नाही. बाकी सगळे बोलले. देवाच्या कामात विटाळ केला म्हणाले. घाणेरडी म्हणाले. ज्या बायकांनी परातीत कपडे धुवायला तिच्याकडून शिकून घेतलं त्याच पुढे होत्या. तिचा नवरा हात जोडून माफी मागत होता, कशाची ते त्याला माहीतही नव्हतं. लाइट आल्यावर मी गुपचूप सॉकेट नीट करून टाकी पुन्हा भरली, गळल्याचं कोणाला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या ओट्यापाशी आली. "मिस्तरी, माझी सुतळी?"

"मला काय माहीत," मी म्हणालो. पिशवी माझ्या मांडीशी होती.

तिनं पिशवीकडे पाहिलं आणि परत गेली.

त्यानंतर आठ वर्षं त्या चाळीत तिच्या हातचं पाणी कोणी प्यायलं नाही. आठ वर्षं! हळदीकुंकवाला आली तर बसवायचे, पण तिच्या घरी गेले तर पाण्याला हात लावायचे नाहीत. पोरं तिला साबणवाली म्हणायची. जिच्या गावात दारी आलेल्याला आधी पाणी देतात, मग नाव विचारतात, त्या बाईला ही शिक्षा. मारलं असतं तरी कमी लागलं असतं. आणि मी रोज समोर बसून दाढी करत होतो, रोज बघत होतो. कितीदा वाटलं, सांगावं. मग वाटायचं, आता काय, जुनं झालं. मिस्तरीचं नाव होतं ना गावात! टाकी गळते ही बातमी गेली असती तर? आज मला त्या नावाची शिसारी येते.

मधल्या काळात कारखाने वाढले, बोअरच्या पाण्याला वास यायला लागला, नळाला कधी लाल पाणी तर कधी काहीच नाही. बायका पुन्हा गुपचूप तिच्या दाराशी जायला लागल्या, हे कसं करायचं, ते कसं करायचं. तिनं सगळ्यांना सांगितलं. कोणाला परत पाठवलं नाही. सांगून झाल्यावर प्रत्येकीपुढे तांब्या ठेवायची, आणि प्रत्येक जण म्हणायची, नको, आत्ताच घरून पिऊन आले.

शेवटचं बोलणं होऊन आठवडाही झाला नव्हता ती गेली तेव्हा. नवरा गेल्यापासून ती एकटीच होती. तिच्या मोरीतल्या त्या चिंधी बांधलेल्या नळाचा वॉशर गेला होता, थेंब थेंब पडत होतं, म्हणून तिनं मला बोलावलं. थेंबाखाली वाटी ठेवली होती. मी वॉशर बदलला. वैशाखासारखं ऊन होतं, घशाला कोरड पडली होती. उठलो तर समोर तांब्या. माठातलं गार पाणी, वर फडकं.

ती म्हणाली, "मिस्तरी, तुम्ही सगळ्या गावाचे पाइप जोडले. गाठी मोजायला नाही शिकले."

रागानं नाही बोलली. शेजारणीशी बोलावं तसं. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, आठ वर्षं. मला तिथंच बसून तो तांब्या तोंडाला लावायचा होता. एक तांब्या पाणी प्यालो असतो तर काही न बोलता सगळं सांगून झालं असतं. आणि मी, हा मूर्ख, गर्विष्ठ माणूस, म्हणालो, "नको. चहा घेऊनच निघालो होतो."

तिनं तांब्या उचलला आणि पाणी परत माठात ओतलं. सावकाश. एक थेंब सांडू दिला नाही.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती सुतळी घेऊन गेलो. इतकी वर्षं पिशवीच्या तळाशी होती, सफेद्यानं पांढरी आणि ताठ झालेली. तिची मुलगी खोली आवरत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. टाकी, सॉकेट, पिंप, खोटं. काही गाळलं नाही. तिनं सुतळी हातात घेतली, लहानपणी करायची तशी गाठी चाचपल्या. मग म्हणाली, "आईनं त्या पिंपाला दुसरी सुतळी बांधलीच नाही, काका. मी एकदा नवीन आणली तर म्हणाली, राहू दे, मिस्तरीकडे आहे, तो आणून देईल."

पिंपावर नुसतं झाकण होतं आणि झाकणावर वीट.

मी म्हणालो, "बेटा, मला पाणी दे." तिनं कोपऱ्यात पाहिलं. माठ धुऊन पालथा घातला होता. कोरडा. घरात पाणीच नव्हतं. ती शेजारून आणते म्हणाली, मी नको म्हणालो. शेजारचं पाणी मला नको होतं.

आमच्या घरात हे कळल्यावर बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "लिखी टाका. तुमना नावखाले. सगळासले वाचू द्या." म्हणून लिहिलं. त्या दिवशीच्या सरबतात पाणी धापूबाईनं दिलं नव्हतं. मी चोरलं होतं, आणि तिच्या नावावर घातलं. हसणाऱ्यांनी आता माझ्यावर हसावं. हिंमत असेल तर समोर येऊन हसावं.

पिंप मुलीनं मलाच दिलं. मागच्या ओट्यावर आहे, सुतळीसकट. तिच्या खोलीत नवीन भाडेकरू आलेत, चांगली माणसं आहेत, पण हात सैल. सकाळी नळ सोडतात आणि विसरतात. पाणी उंबऱ्यावरून ओट्यावर, ओट्यावरून गटारात. मी वस्तरा टाकून ओरडत धावतो, बंद करा, बंद करा. म्हातारा वेडा आहे म्हणतात, म्हणोत. त्या दारातून पाणी बाहेर आलेलं दिसलं की, नळ चालू राहिलाय, हे मला आधी सुचतच नाही... वाटतं, आत कोणीतरी गेलं.